समुद्रकिनारी लहान मुलीचे सहज फोटो कसे काढावेत?

सातारची आई: आमची मुलगी अडीच वर्षांची आहे. गेल्या डिसेंबरात आम्ही कुंभार्ली घाट उतरून गुहागरला गेलो होतो. संध्याकाळी भरपूर फोटो काढले; परंतु बहुतेकांत तिचा चेहरा काळवंडलेला आहे आणि ज्यांत उजेड बरा आहे, त्यांत ती आजोबांच्या ‘हस, हस’ला घाबरून, आधार कार्डासाठी बसवल्यासारखी ताठ उभी आहे. फोन आणि १८-५५ लेन्सचा जुना कॅमेरा जवळ आहे. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहोत, काय बदलावे?

जुना निगेटिव्ह, सांगली: आपली किनारपट्टी पश्चिमाभिमुख असल्यामुळे संध्याकाळी सूर्य मुलीच्या पाठीशी येतो, आणि लखलखत्या पाण्याला भुलून कॅमेरा उजेड कमी करतो. म्हणून सुरूच्या बनाकडे पाठ करून उभे राहू नका. समुद्र आपल्या उजव्या किंवा डाव्या हाताला ठेवा, म्हणजे तिच्या गालावर बाजूने ऊन येईल. फोनवर तिच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा आणि उजेड वाढवा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर, म्हणजे उजेडाची मात्रा, +१ करा. ती लाटेमागे धावत असेल, तर शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवा.

दुसरे म्हणजे, खाली बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत टाळू आणि वाळू एवढेच येते. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर धरला, तर क्षितिजाची रेघ नेमकी डोळ्यांतून जाते. तो कमरेपर्यंत खाली आणला की डोके मोकळ्या आकाशात राहते. कपडे ओले होतील, त्याला इलाज नाही.

हाका मात्र मारू नका. तिला काहीतरी उद्योग मिळू द्या. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर खेकड्यांनी ज्वारीच्या दाण्यांएवढ्या गोळ्यांची नक्षी केलेली असते. माझा नातू त्या एकेक करून बोटाने चेपत अर्धा तास उकिडवा बसला होता, हनुवटीवरून लाळ ओघळत होती, आणि तोच फोटो आज आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते, तेव्हा मुक्कामाच्या ठिकाणी वेळ विचारून घ्या.

मिरजेहून: मी सकाळ सुचवेन. ऊन झाडांमागून येत असल्याने वाळूवर मऊ सावली असते, गर्दी नसते, आणि मूल झोप झालेले असते; संध्याकाळी ते किरकिरे होते, हे आपण जाणताच. आणखी एक: कॅमेरा ज्याच्या हाती, त्याच्यावर मुलीची राखण सोपवू नये, कारण डोळा कॅमेऱ्याला लावला की बाजूने येणारी लाट दिसत नाही. लेन्स किनाऱ्यावर बदलू नका.

सातारची आई: मनापासून आभार. राखण यजमान करतील. आजोबांचे काय करावे?

जुना निगेटिव्ह, सांगली: त्यांच्या हाती बादली आणि फावडे देऊन वाळूत बसवा. विहीर खणू लागले की ‘हस’ म्हणायचे विसरतील, आणि दोघेही फोटोत येतील.