पोती भरली, पुढे काय? – खाडी-किनारा सफाईचे अनुभव

गेल्या रविवारी ऐरोलीला खाडीकाठी आम्ही बारा जणांनी सकाळभर राबून ४१ पोती भरली. न्यायला येणारी गाडी आलीच नाही. पोती बांधाच्या कडेला रचून घरी गेलो. तिसऱ्या दिवशी पौर्णिमा. उधाणाचं पाणी चढलं आणि निम्मी पोती परत तिवरांत! ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आहे, पण पोतं शेवटी कुणीतरी उचलावंच लागतं.

सफाईचे फोटो सगळ्यांकडेच असतात. पोतं भरल्यानंतर काय झालं ते या धाग्यावर लिहा. फसलेले अनुभव आधी.

वर्सोव्याला जायचे ती
मुंबईचे वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वृद्ध शेजाऱ्याला सोबत घेऊन वर्सोव्याचा किनारा साफ करायला सुरुवात केली. मी गेले पुढच्या वर्षी, तोवर बरीच माणसं जमली होती. वर दिसतं ते प्लास्टिक काहीच नाही हो. वाळूत गाडली गेलेली साडी ओढायला चौघं लागायची. एक निघाली की तिच्यात गुंतलेली दुसरी. आणि यंत्र येईपर्यंत आम्ही नुसते इथला ढीग तिथे करत होतो. मार्च २०१८ मध्ये तिथून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात गेली, तेव्हा माझी बदली पुण्याला झालेली. मोबाइलवर बघून रडले.

खाडीकाठची सून
आमच्या डोलीत (खाडीत लावतो त्या जाळ्यात) येणाऱ्या पिशव्या वेगळ्या करायला मासळी निवडण्याएवढाच वेळ जातो. धागा काढणाऱ्या दादांना एक विचारू? पौर्णिमेच्या तोंडावर पोती काठावर ठेवायला सांगितलं कुणी? अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे भरती लहान, पाणी वरच्या तिवरांपर्यंत पोचतच नाही. उधाणाने आणून टाकलेला कचरा तेव्हा जागच्या जागी सापडतो. पंचांग नसेल घरात तर मासळीवालीला विचारा.

दिवाडी, गोवा
ही मोहीम नाही, तरी लिहितो. आमची खाजन शेती, म्हणजे खाडीला बांध घालून केलेली. बांधातल्या मानशीचं (पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेचं) दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. गेल्या वर्षी दोन बाटल्या आणि थर्माकोलचा तुकडा अडकून दार बोटभर उघडं राहिलं. सकाळी बघतो तर शेतात खारं पाणी. दादाने गळ्याएवढ्या पाण्यात उतरून हाताने काढलं सगळं. आता ओहोटीला मानस बघून येणं माझ्याकडे.

वनस्पतिशास्त्र शिकवते
कॉलेजची ८० मुलं घेऊन मीच कांदळवनात शिरले होते. तिवराची मुळं हवा घेण्यासाठी चिखलातून वर आलेली असतात. आमच्या गमबुटांखाली ती काडकाड मोडली. तो आवाज अजून आठवतो. आता आत दहाच जण, एकामागोमाग एक, ठरलेल्या वाटेने. बाकीचे काठावर कचरा वेगळा करतात. पोती कमी भरतात म्हणून प्राचार्य नाराज.

धागा काढणारा
वहिनी, चूक कबूल! पंचांग काढलं. पुढची खेप अष्टमीला, पण तो निघाला बुधवार; बारातले चारच येतील. चारच असल्यामुळे बाईंचा नियम मात्र आपोआप पाळला जाईल. टेम्पोवाला १८०० मागतोय, घासाघीस चालू आहे.