जे कधी तपासताच येणार नाही त्याला विज्ञान म्हणायचं का?

कोथरूडकर:
परवा पाषाणला एका व्याख्यानाला गेलो होतो, विषय स्ट्रिंग थिअरी (सगळे कण म्हणजे कंप पावणाऱ्या अतिसूक्ष्म तारा) आणि मल्टिव्हर्स (आपल्यासारखी अनेक विश्वं). वक्त्यांनी सांगितलं फार छान, पण शेवटी मी विचारलं की हे चुकीचं असेल तर ते कुठल्या प्रयोगातून कळेल, तर म्हणाले सध्या तरी तसा प्रयोग नाही. घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. स्ट्रिंग थिअरीत 10 मिती, त्यातल्या 6 इतक्या बारीक गुंडाळलेल्या की जाणवत नाहीत, त्या गुंडाळायचे मार्ग म्हणे 10 चा 500 वा घात इतके. एवढे मार्ग असल्यावर कुठलाही निकाल आला तरी तो कशात ना कशात बसणारच की! नारळीकर सरांनी हॉईल या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाबरोबर ज्याची बाजू लढवली तो स्थिर विश्वाचा सिद्धांत बघा, विश्व कायम असंच होतं असं छातीठोक सांगितलं म्हणूनच 1965 ला पार्श्वप्रारण (विश्वाच्या तप्त सुरुवातीचं उरलेलं मंद प्रारण) सापडल्यावर तो अडचणीत आला. तो चुकू शकत होता, म्हणून ते विज्ञान. हे मला फक्त सुंदर गणित वाटतं.

पाषाणवासी:
दादा, थोडी घाई होतीये. भौतिकशास्त्रज्ञ पाउलीनं 1930 ला न्यूट्रिनो (सहसा कशालाच न अडणारा कण) मांडला तेव्हा त्याला स्वतःलाच वाटत होतं की हा कण कुणाला सापडायचा नाही. सापडला 1956 ला. गुरुत्वीय लहरी (अवकाशातच उठणारे तरंग) 1916 ला कागदावर आल्या आणि पकडल्या 2015 ला, म्हणजे 99 वर्षं. मधल्या काळात ते काम करणाऱ्यांना तुम्ही गणितवाले म्हणून बाहेर बसवलं असतं का?

कोथरूडकर:
नसतं बसवलं, कारण न्यूट्रिनोच्या मागे उघड तूट होती. बीटा क्षयात (अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा) ऊर्जेचा हिशेब लागत नव्हता, मोजमाप समोर होतं. इथे कुठल्या प्रयोगाचा हिशेब लागत नाहीये ते सांगा.

एक फिजिक्सची शिक्षिका (बारावी):
मला वाटतं आपण "दिसत नाही" आणि "तपासता येत नाही" याची गल्लत करतोय. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मी मुलांना खोडदच्या रेडिओ दुर्बिणी बघायला नेते. 45 मीटरच्या डिशखाली उभं राहिलं की तारांच्या जाळीतून आभाळ आरपार दिसतं, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, मॅडम यातून लहरी गळून नाही का जाणार? तर नाही, कारण रेडिओलहरीची लांबी त्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी, तिच्यासाठी तो आरसाच. सुटा क्वार्क (प्रोटॉनच्या आतला कण) आजवर कुणी पाहिला नाही तरी 1968 पासून त्याच्या खुणा मिळतायत. खूण मिळाली की पुरे, डोळ्यांना दिसायलाच हवं हा हट्ट मला पटत नाही. पण खूण कुठे शोधायची हे मात्र सिद्धांतानं सांगायलाच हवं, तेवढ्यापुरती मी कोथरूडकरांच्या बाजूची.

पाषाणवासी:
सांगतो की ताई! मल्टिव्हर्समध्ये प्रत्येक विश्व म्हणजे एक बुडबुडा; आपला बुडबुडा दुसऱ्याला धडकला असेल तर पार्श्वप्रारणात गोल डाग राहील, ही मल्टिव्हर्समधूनच निघालेली गोष्ट आहे आणि पार्श्वप्रारण मोजणाऱ्या डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या नकाशात लोकांनी तो शोधलाय. आणि तुटीचं म्हणाल तर क्वांटम (सूक्ष्म कणांचे नियम) आणि गुरुत्वाकर्षण कृष्णविवराच्या आत एकमेकांशी जुळत नाहीत, स्ट्रिंग थिअरी तेच जुळवू बघते, याहून मोठी तूट कुठली?

कोथरूडकर:
ती तूट कागदावरची आहे, पण मान्य, खरी आहे. आणि डाग शोधला हे तर उत्तमच, मनापासून. पण ठोस काही सापडलं नाही ना? मग मल्टिव्हर्सवाल्यांनी काय सोडून दिलं? काहीच नाही, धडक लांब कुठेतरी झाली असेल म्हणून मोकळे. माझं अडतंय ते नेमकं इथे.