घाण्याचं तेल, अथणीचं पायताण: वाईट निघालं तर उघड लिहायचं का?

टिळकवाडीची वहिनी

गेल्या वर्षभरात घरातल्या बऱ्याच वस्तू बदलल्या. रिफाइंडच्या जागी लाकडी घाण्याचं तेल आलं, पावडरीच्या जागी रिठ्याचं पाणी, नॉनस्टिकच्या जागी बिडाचा तवा. थंडीसाठी घोंगडं घेतलं आणि यजमानांना अथणीचं पायताण. सगळं पदरचे पैसे देऊन, फुकट काही नाही. प्रत्येकाबद्दल खरं काय ते लिहायचं ठरवलं तर नणंद म्हणाली, "चांगलं असेल ते लिही, वाईट असेल तर गप्प बस. गरिबाच्या पोटावर कशाला पाय?" मला हे पटत नाही. म्हणून तुमच्यासमोर मांडते.

बिडाचा तवा शंभर टक्के घ्यावा असा. सुरुवातीला घावन चिकटतं, रोज तेलाचा हात लावून तापवत राहावं लागतं, आणि जड इतका की सासूबाईंना एका हातानं उचलत नाही. पण एकदा तयार झाला की आंबोळी कडेनं आपोआप सुटते. चिंच, टोमॅटो मात्र त्यात घालू नये, काळं पडतं.

घोंगडं टोचतं. दख्खनी मेंढीची लोकर राठच असते आणि नव्या घोंगड्याला चिंचोक्याच्या खळीचा वास असतो, तो उन्हात घालून हळूहळू जातो. ऊब भरपूर आहे, पण मुलं अंगावर घेत नाहीत. आता ते अंथरूण म्हणून वापरतो आणि अंगावर आपली जुनी वाकळ. तक्रार नाही.

रिठा रेशमी साडीला आणि लोकरीला छान. शाळेच्या शर्टाची कॉलर त्यानं निघत नाही, तेलाचा डाग तर नाहीच. बाटलीवर "सर्व कपड्यांसाठी" छापलं होतं, ते खोटं आहे. शिवाय घरी उकळलेलं रिठ्याचं पाणी चार दिवसांत आंबतं, आणि ही बाटली सहा महिने टिकते म्हणे. मग ती टिकावी म्हणून आत काय घातलंय ते तरी छापा.

तेलाचा राग अजून गेलेला नाही. एका घाण्यावरून डबा भरून आणला, महिन्याभरात खवट वास. स्टीलच्या डब्यात, शेगडीपासून लांब ठेवलं होतं. परत नेऊन दाखवलं तर "नैसर्गिक आहे ताई, असंच असतं" एवढंच उत्तर. असंच नसतं. माझ्या माहेरी शेंगदाणा तेल घाण्याचंच असायचं, ताज्या तेलाला दाण्याचा वास येतो.

पायताणाचं चामडं सुरेख, पण आषाढात कान (बाजूच्या पट्ट्या) सुटले.

मोठ्या कंपनीची साबणवडी वाईट निघाली तर आपण दहा जणांना सांगतो. मग गावातल्या माणसाकडून घेतलेली वस्तू वाईट निघाली तर तोंडाला कुलूप का? पैसे तर आपण जास्तच मोजतो.

अथणीकडचा

वहिनी, बाकीचं राहू दे, पायताणाबद्दल बोलतो. माझे मामा आणि मामेभाऊ हेच काम करतात. आषाढात घातलंत, तिथंच विषय संपला. हे चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं. तळ चामड्याच्याच वादीनं शिवलेला, खिळा नाही की काही नाही. पाण्यात ते फुगतं, वाळताना आखडतं, मग शिवण ढिली होणारच. दसरा ते मृग हा त्याचा हंगाम. भिजलंच तर सावलीत वाळवून एरंडेल लावायचं, चुलीपुढं धरायचं नाही.

दुसरं. घेतलंत ते अथणीचंच कशावरून? २०१९ ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्राचे चार आणि आपल्याकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. तरी आठवडी बाजारात रेक्झिनचा माल "अथणी" म्हणून खपतोच. कापलेली कड बघा. झाडाच्या सालीनं कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी दिसतं, क्रोम या रसायनानं कमावलेलं असेल तर कड निळसर-करडी असते. ही खात्री न करता "अथणीच्या पायताणाचे कान सुटले" असं लिहिलं तर ते मदभावीत बसून शिवणाऱ्या माणसाच्या नावावर जमा होतं. त्याला ना तुमचं लिहिणं दिसणार, ना तो उत्तर देणार. पुढच्या वेळी व्यापारी तेवढं म्हणणार, "लोकांची तक्रार आहे, भाव कमी कर."

टिळकवाडीची वहिनी

दादा, कड बघितली. तपकिरीच आहे, माल अस्सल आहे. पण विकणाऱ्यानं पावसाबद्दल अवाक्षर काढलं नाही. बेळगावात, ज्येष्ठ महिन्यात विकताना! चिठ्ठी घालायला काय जातं? गिऱ्हाइकानं सगळं आईच्या पोटातून शिकून यायचं का? मला पायताण नको असं मी लिहिलेलंच नाही. पावसात टिकत नाही हे खरं आहे ना, मग तेच लिहिलं.

खानापूरची सून

दोघंही पावसावर भांडताय म्हणून लिहिते. मी जांबोटीच्या बाजूची. आमच्याकडं जून ते सप्टेंबर ऊन म्हणजे पाहुणा. कणकुंबीला जो पाऊस पडतो त्याच्यापुढं अथणीचा पाऊस म्हणजे काहीच नाही, आणि जिल्हा एकच! म्हणून कुठल्याही वस्तूबद्दल लिहिताना गाव आणि महिना लिहिल्याशिवाय मी त्यावर विश्वास ठेवत नाही. चामड्याला आमच्या घरात बुरशी येते, लाकडी चमच्याला येते, लोकरीला तर कुबट वास कायमचाच. अथणीच्या बाईनं त्याच वस्तूला पाचपैकी पाच दिले तर ती खोटं बोलत नाही.

माठाचंही तेच. आमच्या खानापूरची माती नामी, मडकी-कौलांसाठी लांबवर नाव आहे, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था इथंच आहे. पण माठाचं पाणी गार होतं ते बाहेर झिरपलेलं पाणी वाऱ्यावर उडून जातं म्हणून. चैत्रात उत्तम. आषाढात हवाच ओली, पाणी उडणार कुठं? माठ बिचारा नुसता ओला राहतो. यात कुंभाराचा काय दोष?

आता ज्यावर कुणी लिहीत नाही ते लिहिते. कापडी पॅड. शहरातल्या मैत्रिणींनी इतकं कौतुक केलं की मी घेतले. कापड मऊ आहे, पुरळ उठत नाही, कचरा होत नाही, पैसे वाचतात, सगळं खरं. पण ते कडक उन्हात वाळावे लागतात. आमच्याकडं पावसाळ्यात ते चुलीच्या वरच्या दोरीवर, घरच्यांच्या नजरेआड, दोन-दोन दिवस दमटच. दमट कापड परत वापरणं म्हणजे आजाराला आमंत्रण. मी मार्गशीर्ष ते वैशाख कापडी वापरते, पावसात दुकानातले. यात मला काही कमीपणा वाटत नाही. ज्या बायका "एकदा घ्या आणि विसरा" लिहितात त्यांनी घरात कोण धुतं, कुठं वाळवतं, पाणी कोण भरतं तेही लिहावं. रिठा भिजवायचा, बिडाचा तवा पुसून तेल लावायचा, घोंगडं उन्हात घालायचं, ही सगळी कामं एकाच माणसाच्या वाट्याला येतात. किमतीत ते कुणी धरत नाही.

वडगावचा मागवाला

मी वहिनींच्या पूर्ण विरोधात आहे. राग मानू नका, पण आमची बाजू ऐकून घ्या की.

वडगाव, शहापूर, खासबागमध्ये जे माग आहेत त्यातले बरेच मजुरीवर चालतात. सूत व्यापाऱ्याचं, रंग व्यापाऱ्याचा, डिझाइन त्याचं. आम्ही विणून द्यायचं आणि साडीमागं मजुरी घ्यायची. मागं एका बाईनं पहिल्या धुण्यात रंग गेलेल्या साडीचा फोटो टाकला, "बेळगावचा माल घेऊ नका" म्हणून. फोटो फिरत फिरत आला व्यापाऱ्याकडं. त्यानं काय केलं? आमच्या मजुरीतनं कापलं. रंग त्याचा आणि दंड आमचा. आता सांगा, हे खरं लिहिणं कुणाला लागलं?

आणि लोक काय म्हणूलेत, तर हातमागाची शुद्ध सुती साडी पाहिजे, आणि भाव पाहिजे पॉलिस्टरचा. कसं बसायचं? आम्ही यंत्रमागावर पॉलिस्टर विणतो आणि विचारलं तर तसंच सांगतो. हातमाग म्हणून खपवणारा वेगळाच असतो. शंका असेल तर पदराच्या टोकाचा एक धागा काढून जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं, राख होते. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. दुकानात उभं राहून हे करा, घरी जाऊन फोटो टाकू नका.

टिळकवाडीची वहिनी

मजुरीतून कापलं हे फार वाईट झालं, अण्णा. पण फोटोमुळं अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. अन्याय व्यापाऱ्यानं केला. त्या बाईनं "बेळगावचा माल" न लिहिता दुकानाचं नाव लिहिलं असतं तर दंड बरोबर माणसाला बसला असता. म्हणून मी म्हणते, नाव घेऊन लिहा, नेमकं लिहा. गावाला आणि कलेला दोष देणारं मोघम लिहिणं सगळ्यात वाईट. आणि रंग गेला हे लपवलं तर व्यापारी तोच रंग पुढच्या शंभर साड्यांना वापरणार, त्याही तुम्हीच विणणार.

चिकोडीचे मास्तर

मी रसायनशास्त्र शिकवतो, तेलाबद्दल राहवत नाही म्हणून लिहितो. पायताण फाटलं तर पैसे जातात. तेल बिघडलं तर पोटात जातं. दोन्हींना एकच नियम लावू नका.

शेंगदाण्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं आणि लाकडी घाण्यात ते सगळं निघत नाही. किलोभर तेलाला अडीच किलोच्या जवळपास दाणे लागतात. पेंड विकून थोडं परत येतं, तरी मजुरी आणि वीज आहेच. तुमच्या बाजारात त्या दिवशी दाण्याचा भाव काय होता तो अडीचनं गुणा. तेल त्याहून बरंच स्वस्त मिळत असेल तर ते निव्वळ शेंगदाण्याचं असणं कठीण. आणखी एक बारकावा: लिटरभर तेल ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं, किलोभर नव्हे. एका घाण्यावर किलोचा भाव, दुसरीकडं लिटरचा, आणि आपण दोन्ही एकच धरून "हा स्वस्त" म्हणतो.

सगळ्यात महत्त्वाचं, बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. ते यकृताला घातक आणि कर्करोगाला कारण ठरणारं आहे. रिफायनिंगमध्ये ते जवळजवळ निघून जातं. घाण्याच्या तेलात ते काढायची सोय नसते, म्हणून तिथं दाणा निवडलेला आणि खणखणीत वाळलेला असणं हीच एकमेव राखण. घाणा समोर चालू आहे, वास छान सुटलाय, एवढ्यावर भुलू नका. आधी पोत्यात हात घालून दाणे बघा. काळे, सुरकुतलेले, बुरशीचे दिसले तर परत फिरा. चांगले घाणेवाले स्वतःहून पोतं उघडून दाखवतात. जो दाखवत नाही त्याच्याबद्दल लिहायला मुहूर्त बघायचं कारण नाही.

निपाणीचा दुकानदार

मी तेल, गूळ, रिठा, शिकेकाई सगळं विकतो. मास्तर बरोबर बोलले, पण गिऱ्हाइकाची बाजूही बघा. पारदर्शक बाटलीत भरून खिडकीत ठेवतात, उन्हानं आणि उष्णतेनं तेल खवट होतंच. एकदा तळलेलं परत डब्यात ओततात. मग तीन महिन्यांनी अर्धी बाटली घेऊन येतात. वहिनींनी तसं केलं नसेल, पण लिहिणाऱ्यांतले कितीतरी करतात.

गुळाचं तर उलटंच आहे. सगळ्यांना रसायनविरहित गूळ पाहिजे, आणि काळपट ढेप समोर ठेवली की पिवळीधमक मागतात. मळी काढायला भेंडीचा रस वापरून केलेला गूळ तपकिरी असणारच. तो पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रो हे रंग उडवणारं रसायन घालतात. मी काळपट आणतो, तो पडून राहतो, आणि वर "गूळ जुना देता" असा शेरा मिळतो. असा शेरा कुणी लिहिला तर तो त्याच्या दृष्टीनं खराच असतो, आणि त्यामुळं गुऱ्हाळवाला पुढच्या घाणीला हायड्रो घालतो.

म्हणून माझं म्हणणं, आधी दुकानात या, बोला. बदलून देत नाही असं झालं तर खुशाल नावानिशी लिहा. आणि जे फुकट माल घेऊन कौतुक करतात त्यांनाही कुणीतरी विचारा. २०२२ ला भारतीय मानक ब्युरोनं ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलं. असे विकतचे अभिप्राय रोखावेत हाच त्याचा हेतू. मला महिन्याला एक तरी फोन येतो, दोन लिटर तेल पाठवा, व्हिडिओ करतो.

खानापूरची सून

दुकानदार काका, गुळाचं अगदी खरं. माझ्या सासरी काळाच गूळ लागतो, पण पाहुण्यांपुढं पिवळा ठेवतात.

टिळकवाडीची वहिनी

काका, मी आधी दुकानातच गेले होते. मग लिहायला बसले. तरी तुमची अट मान्य आहे. कापड, चामडं, भांडी यांच्याबाबत आधी करणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला सांगेन, पुढच्या बाजारापर्यंत वाट बघेन, मग लिहीन. लिहिताना गाव, महिना, पाणी कुठलं, धुतलं कुणी हे सगळं लिहीन, जांबोटीच्या ताईंचं म्हणणं मनापासून पटलं. तेलाच्या बाबतीत वाट बघणार नाही. ते माझ्या मुलांच्या ताटात येतं. आज रात्री घाण्याचं नाव आणि घेतल्याची तारीख गल्लीतल्या सगळ्यांना कळवते.

अथणीकडचा

तेलाचं मान्य. पण "पुढच्या बाजारापर्यंत" पुरणार नाही वहिनी. मामाला निरोप जाऊन, पायताण परत येऊन, कान शिवून द्यायला दोन बाजार तरी जातात. तुमचं पायताण दसऱ्याला अथणीकडं जाणाऱ्या कुणाच्या हाती द्या. शिवून देतो, पैसे नकोत. आणि पावसाची चिठ्ठी घालायला मामेभावाला सांगितलंय. मराठी आणि कन्नड, दोन्हीत लिहून द्या म्हणतोय. तुम्हीच दोन ओळी लिहून पाठवा.