मुलींचा व्यायाम सुटतो तो आळसाने की सोबत नसल्याने?

पर्वतीवाली: परवा वर्गात सर म्हणाले, "मुलींनो, व्यायामाला फक्त निश्चय लागतो." मला हे अजिबात पटलं नाही. मी बाहेरगावची, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. गेल्या वर्षी रूममेटबरोबर रोज पहाटे पर्वती चढायचे. जानेवारीत ती कोथरूडला राहायला गेली आणि तिसऱ्याच आठवड्यात माझे बूट कॉटखाली गेले. निश्चय तोच होता की! पण एकटी निघाले की टपरीवरची पोरं टक लावून बघतात, घरमालकीणकाकू विचारतात, "एवढ्या अंधारात कुठे गं?" आणि आई फोनवर म्हणते, "आणखी किती वाळणार आहेस?" भावाने जिम लावली तेव्हा मात्र त्याच्या डब्यात दोन अंडी वाढली.

सूर्यनमस्कार: राग मानू नकोस, पण सर बरोबर आहेत. सतरंजीएवढी जागा पुरते. नोकरी आणि दोन मुलं सांभाळून मी सोळा वर्षं रोज बारा नमस्कार घालते. सोबतीवर टेकलेली सवय सोबतीबरोबरच जाते, हे तुझ्याच गोष्टीतून दिसतंय.

शेवटचं वर्ष: ताई, तुमच्याकडे दार लावून घ्यायला खोली आहे. आमच्या खोलीत चार कॉट आहेत, सतरंजी अंथरायची कुठे? आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ सालची आकडेवारी बघा: भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या स्त्रिया सुमारे ५७ टक्के, पुरुष ४२. नुसत्या आळसाचं कारण असतं तर एवढा फरक पडला असता का?

एफवायची मुलगी: सोबत चांगलीच असते असंही नाही. आमच्या ग्रुपवर रोज वजनाचे आकडे टाकायचे. मी मागे पडू नये म्हणून रात्रीचं जेवण सोडलं. दोन महिने पाळी आली नाही, तेव्हा कुठे थांबले. घरी अजून सांगितलेलं नाही.

सूर्यनमस्कार: बाळा, आधी आईला सांग आणि डॉक्टरांना दाखव. बाकीचा वाद राहू दे. चार कॉटचं मात्र खरंच माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तरी सवय स्वतःची हवी, हे मी सोडणार नाही.

पर्वतीवाली: ताई, आठवड्याला १५० मिनिटं हवीत, ती सतरंजीवरही भरतील, मान्य. पण कॉलेजचं मैदान सकाळभर क्रिकेटवाल्या मुलांकडे असतं. त्यातला सहा ते सात हा तास मुलींना द्या, असा अर्ज लिहिलाय. आत्तापर्यंत अकरा सह्या झाल्या. सोमवारी सरांनाच नेऊन देणार आहे.