मणी-टिकल्या लावलेले ब्लॉक (कापडी चौकोन) जोडून क्विल्ट पूर्ण करायचंय, मदत हवी आहे

१२ इंची ब्लॉक तयार आहेत, सिल्क आणि मखमलीचे तुकडे, त्यावर भरतकाम, लेस, मणी, टिकल्या, आणि प्रत्येकाला मागून सुती कापड आधीच आहे. जोडताना पाव इंच शिलाई धरतेय, कडेजवळचे मणी आड येतात म्हणून झिपर फूट (मशीनचा चेन शिवायचा अरुंद पाय) लावून बघितला, ते छान जमलं. इस्त्री जाड टॉवेलवर उलट्या बाजूनेच करते, मखमल दबू नये म्हणून. अडलंय ते पुढे. वरून मशीनने क्विल्टिंग, म्हणजे सगळे थर एकत्र शिवणं, करायचं नाहीये, एवढं भरतकाम त्याखाली दबलेलं मला बघवणार नाही. भिंतीवर टांगायचंय, धुणार नाही. तर आत पातळ बॅटिंग (मधला मऊ भरावाचा थर) घालू की नुसतं अस्तर पुरेल? आणि मागून टाके घालून गाठी मारल्या तर किती अंतरावर, म्हणजे मण्यांच्या वजनाने झोळ येणार नाही?