नऊ वर्षांची छोटी लक्झरी एसयूव्ही, २ लाख ७४ हजारांचं एस्टिमेट: दुरुस्त करू की काढून टाकू?

प्रश्न | त्रिमूर्ती नगर, नागपूर

नमस्कार मंडळी. गाडी जर्मन आहे. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला फक्त मार्ग हवा आहे. २०१७ ची टर्बो पेट्रोल, सात गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), रीडिंग ६८,०००. २०२२ मध्ये सेकंड हँड घेतली तेव्हा ४१,००० झालं होतं.

घेतली ती आईसाठी. तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. सेडानमध्ये बसताना तिला खाली वाकावं लागायचं आणि उठताना दोन माणसं लागायची. मोठ्या एसयूव्हीत पाय वर चढत नाही. या गाडीची सीट बरोबर तिच्या कमरेच्या उंचीला येते. आधी टेकते, मग पाय आत घेते. कुणाचा हात लागत नाही. त्यामुळे "विकून टाक" हे माझ्यासाठी सोपं उत्तर नाही.

मार्चपासून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होतंय. पोर्चच्या फरशीवर गुलाबी थेंब दिसू लागले, तर आईने खाली जुनी परात ठेवली. सकाळी परातीत दोन-तीन चमचे तरी साचलेलं असतं. मी दोनदा बोअरचं पाणी टाकलं. दुसरं म्हणजे व्हरायटी चौकात सिग्नलला रेंगाळत गेलं की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटका बसतो. सकाळी थंड गाडीत काहीच नाही. तिसरं, स्पीड ब्रेकरवर समोरून खडखड.

सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट: वॉटर पंप-थर्मोस्टॅट पूर्ण असेंब्ली ५८,०००, गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर-क्लच चालवणारा कंट्रोल भाग) १,५५,०००, दोन लोअर आर्म (पुढच्या चाकांना धरणारे दांडे) ४६,०००, कूलंट आणि किरकोळ १५,०००. यातलं खरंच किती लागणार आहे?

उत्तर १ | गॅरेजवाला, वाडी

दादा, आधी बोअरचं पाणी बंद करा. आपल्याकडच्या बोअरमध्ये क्षार किती असतात ते घरच्या गिझरच्या कॉइलवर पाहून घ्या. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते. अडचणीत टाकायचंच असेल तर डिस्टिल्ड वॉटर टाका, आणि इंजिन गरम असताना झाकण उघडू नका.

गळतीचं म्हणाल तर या वर्गातल्या पुष्कळ गाड्यांत पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं आहे. मे महिन्यात बाहेर ४५, त्यात एसी फुल, बोनेटखाली काय होत असेल विचार करा. प्लास्टिक वाकते, गॅस्केट कडक होते. गळतं तिथे वाळलेल्या कूलंटची गुलाबी खपली धरते, टॉर्च मारून पंपाच्या खालच्या कडेला पाहा. थंड इंजिनवर प्रेशर टेस्ट करून घ्या. हातपंपाने दाब देऊन वीस मिनिटं ठेवायचं, काटा खाली आला की गळती आहे. पाईपचा साधा क्लॅम्प असला तर काम किरकोळीत होते. पंपच असला तर असेंब्ली बदला, त्यात काटकसर नको. इंजिन एकदा तापलं आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकलं तर हे एस्टिमेट लहान वाटेल.

आता गिअरबॉक्स. १,५५,००० वर काहून उडी मारून राहिले? स्कॅनमध्ये कोणता एरर कोड आला तो लिहून मागा. कोड नसेल तर मेकॅट्रॉनिक खराब म्हणायला आधार काय? तुमचा क्लच वेट आहे की ड्राय, ते विचारा. वेट असेल तर क्लचच्या प्लेटा तेलातच चालतात, झिजेची पूड त्याच तेलात उतरते. ते तेल साधारण ६०,००० ला बदलायचं असते. ४१ ते ६८ हजारांमध्ये बदललं का, बिल शोधा. नसेल तर आधी तेल आणि फिल्टर बदला, मग कॉम्प्युटरवर क्लच नव्याने जुळवा, म्हणजे क्लचचं अ‍ॅडाप्टेशन करा. ड्राय असेल तर तेल बदलून झटका जाणार नाही, तिथे क्लच पॅकच पाहावा लागते.

आणि सिग्नलला इंचाइंचाने सरकू नका. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग सोडा. रेंगाळताना क्लच अर्धा लागलेला राहते आणि तापते.

आर्ममध्ये बॉल जॉइंट ढिला नसेल तर नुसते बुश, म्हणजे आर्ममधले रबर, प्रेसवर बसतात, अख्खा आर्म नको. गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट पुरवणारे लेमफोर्डर, बॉश, माहले, यांचे पार्ट त्यांच्याच डब्यात मिळतात, कंपनीच्या डब्याचे जास्तीचे पैसे कशाला?

उत्तर २ | अंबाझरी लेआउट

दादा, एक विचारते. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री तुमची गाडी कुठे उभी होती? आमचीही याच वर्गातली. त्या रात्री अंबाझरी तलावाचं पाणी आलं आणि गाडी सीटपर्यंत बुडाली. विम्यातून दुरुस्त झाली, पाच महिने छान चालली. मग एसी आपोआप बंद, पार्किंग सेन्सर मध्येच ओरडायचा, कधी गिअर पी मधून निघायचाच नाही. तीन ठिकाणी तीन वेगळे पार्ट सांगितले. शेवटी एकाने ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा पूर्ण उचलला. खालचा फोम अजून ओला होता आणि वायरिंगच्या जोडाला हिरवा गंज धरलेला. जोड साफ केले, दोन पिना बदलल्या. तोवर नको ते दोन पार्ट घेऊन झाले होते, त्याचं फार वाईट वाटतं.

तुमची बुडाली नसेल तर प्रश्नच नाही. पण नागपुरात २०२३ नंतर सेकंड हँड घेणाऱ्या प्रत्येकाने सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून मातीची रेघ बघावी.

टायरही तपासा. आमचे रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) होते, म्हणून स्टेपनी नाहीच. समृद्धीवर १२० ने जाण्याआधी टायर कोणत्या वर्षाचे आहेत ते कडेवर वाचा, चार आकड्यांतले शेवटचे दोन म्हणजे वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर उन्हात तडकतं.

उत्तर ३ | मनीष नगर

मी असतो तर विकली असती. बाकी एक बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. एस्टिमेटवर जुना दर तर नाही ना?

प्रश्नकर्ता, तीन आठवड्यांनी | त्रिमूर्ती नगर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, त्या रात्री गाडी आमच्याच पोर्चमध्ये होती, पाणी आलं नव्हतं. तरी गालिचा उचलून पाहिला, कोरडा आहे. जीएसटी बरोबर १८ लावलेला होता.

प्रेशर टेस्टमध्ये गळती पंपाच्या घराचीच निघाली. म्हणजे तिथे सर्व्हिस सेंटरचं बरोबर होतं. बाहेर पार्ट मागवून मजुरीसकट ३४,००० लागले. बोअरच्या पाण्यामुळे सिस्टिम दोनदा धुवावी लागली, नव्या कूलंटसह ६,८००. हे पैसे माझ्या चुकीचे.

गिअरबॉक्सचा एरर कोड मागितला तर नव्हताच. क्लच वेट, आणि तेल बदलल्याचं एकही बिल फाइलमध्ये नाही. तेल, फिल्टर, अ‍ॅडाप्टेशन मिळून २१,५००. काढलेलं तेल गॅरेजवाल्याने पांढऱ्या कागदावर ओतून दाखवलं. काळं, आणि उन्हात धरलं की आत बारीक चमक. बुश ११,२००. एकूण ७३,५००.

खडखड पूर्ण गेली. झटका गेला असं म्हणणार नाही. रामटेकला गडावर चढताना एका वळणावर हलका जाणवला, पण व्हरायटी चौकात आता नाही. ५,००० किमीनंतर पुन्हा स्कॅन करायचा आहे, तेव्हा इथेच लिहीन. त्या दिवशी आई गडावर गाडीतून स्वतः उतरली. परात अजून पोर्चमध्येच आहे, रोज सकाळी बघतो, पंधरा दिवस कोरडी आहे.

आता टायर. तारीख वाचली, २०१९ चे निघाले. रनफ्लॅटच घ्यावे की साधे घेऊन डिकीत स्टेपनी टाकावी, यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा.