कडुनिंबाच्या अर्काने राणीखेतचा विषाणू खरोखर रोखला गेला का?

प्रश्न :
राणीखेत, म्हणजे आपले कुक्कुटपालक जिला मानमोडी म्हणतात, त्या रोगाच्या विषाणूवर मी पदव्युत्तर प्रबंधासाठी कडुनिंबाच्या पानांचा अर्क तपासत आहे. ला सोटा (या विषाणूचा लसीत वापरला जाणारा सौम्य प्रकार) आणि अर्क एक तास एकत्र ठेवून ते मिश्रण १० दिवस उबवलेल्या ६ अंड्यांत टोचले. चार दिवसांनी अंड्यांतून काढलेल्या द्रवाचा एचए टायटर (तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवण्याच्या क्षमतेवरून मोजलेले विषाणूचे प्रमाण) १६ आला. नुसता विषाणू टोचलेल्या अंड्यांत तो २५६ होता. एवढ्यावरून अर्काला विषाणूरोधक म्हणता येईल का?

पहिले उत्तर :
अजून नाही. विषाणू वाढतो तो जिवंत पेशींत. अर्काने भ्रूणच मेला किंवा खंगला असेल, तर टायटर आपोआप घसरतो आणि त्याचे श्रेय चुकून अर्काच्या पदरात पडते. नुसता अर्क टोचलेला आणि नुसते द्रावक टोचलेला, असे दोन गट आपण ठेवले होते का? कँडलिंगच्या, म्हणजे अंड्यामागे दिवा धरून भ्रूण पाहिल्याच्या, नोंदी रोजच्या आहेत का?

प्रश्नकर्ता :
द्रावकाच्या गटातील भ्रूण सुस्थितीत होते. नुसत्या अर्काचा गट मात्र मी ठेवला नव्हता, ही माझी चूक झाली. नोंदवही पुन्हा पाहिली, तर अर्क आणि विषाणू दिलेल्या ६ अंड्यांपैकी ३ भ्रूण दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच निश्चल होते आणि त्यांच्या रक्तवाहिन्या फिकट पडल्या होत्या.

दुसरे उत्तर :
मग संशय अर्कावरच जातो, कारण ला सोटासारख्या सौम्य विषाणूला भ्रूण मारायला साधारणपणे ९० तासांहून अधिक वेळ लागतो. शिवाय आधीच मिसळून ठेवल्याने केवळ विषाणूच्या कणांवरील थेट परिणाम कळतो. वनस्पतींतील टॅनिन ही तुरट द्रव्ये प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे अशा मिश्रणात पुष्कळ अर्क प्रभावी भासतात. विषाणू पेशीत शिरल्यावर ते उपयोगी पडतीलच असे नाही. म्हणून काही अंड्यांत आधी विषाणू टोचून दोन तासांनी अर्क द्यावा. एचए चाचणीच्या प्लेटमध्येही नुसता अर्क आणि कोंबडीच्या तांबड्या पेशी यांची एक ओळ अवश्य लावावी, कारण कित्येक वनस्पतींतील लेक्टिन नावाची प्रथिने स्वतःच पेशी एकमेकींना चिकटवतात, आणि तळाशी सुट्या पेशींचे बटणासारखे ठिपके बसले नाहीत की आपण ते विषाणूचे काम समजतो.

पहिले उत्तर देणारा :
सहमत आहे. आधी भ्रूणाला निर्धोक अशी मात्रा ठरवा आणि मगच त्या मर्यादेत टायटर मोजा. पानांचा वाळवलेला नमुना तारीख व ठिकाण लिहून जपून ठेवा. चैत्रातील कोवळ्या पालवीचा अर्क आणि आश्विनातील जून पानांचा अर्क एकसारखा निघत नाही.